तात्पुरतं म्हणजे किती वर्षं?



होमरूल हा शब्द आपल्या मुलखाला नवा नाही. एप्रिल १९१६ च्या अखेरीस लोकमान्यांनी बेळगावात होमरूल लीग काढली आणि घरचा कारभार घरच्यांनी बघायचा, एवढा साधा अर्थ खेड्यापाड्यांतल्या माणसाला पटवून दिला. पण तो शब्द लोकमान्यांनी घडवलेला नव्हता. तो आयर्लंडातून आला होता. आणि योगायोग असा, की ज्या आठवड्यात बेळगावात लीग निघाली त्याच आठवड्यात तिकडे डब्लिनच्या मोठ्या पोस्टात बंडवाले ठाण मांडून बसले होते, इंग्रजांच्या तोफा शहरावर चालत होत्या, आणि चाळीस वर्षं होमरूलचा जप करणारा आयरिश पक्ष तोंडात बोट घालून बघत होता. त्या पक्षाचं काय झालं आणि आयर्लंडच्या अंगावर फाळणीची रेघ कशी ओढली गेली, ते आज आम्हाला सांगायचं आहे.

आम्ही पंडित नाही. चार यत्ता झाल्या आणि गिरणीच्या गेटात शिरलो. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर, वाचनालयाच्या बाकावर. म्हणून ही पुढाऱ्यांची गोष्ट आम्ही पुढाऱ्यांपासून सुरू करत नाही. गिरणीतल्या एका पोरापासून करतो.

मायकेल डेव्हिट त्याचं नाव. १८४६ साली, ऐन दुष्काळात, मेयो जिल्ह्यात जन्मला. चार वर्षांचा असताना खंड थकला म्हणून जमीनदाराने त्यांना घराबाहेर काढलं. आईबापांनी पोरं घेऊन समुद्र ओलांडला आणि लँकेशायरचा गिरणगाव गाठला. १८५७ साली, अकरा वर्षांच्या त्या पोराला जे यंत्र त्याचं नव्हतं ते सांभाळायला लावलं, आणि दातेरी चाकात त्याचा उजवा हात गेला. कापूनच टाकावा लागला. भरपाई? एक पैही नाही. आमच्यातल्या ज्यांनी साच्यात बोटं घालवली आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. हात गेला म्हणून एका भल्या गृहस्थाच्या मदतीने पोर शाळेत गेलं. हात शाबूत राहिला असता तर गिरणीतच म्हातारं झालं असतं.

पुढे तो फेनियन बंडवाल्यांत गेला. १८७० साली पंधरा वर्षांची सक्तमजुरी झाली. डार्टमूरच्या तुरुंगात या एका हाताच्या माणसाकडून इंग्रजांनी दगड फोडून घेतले. सात वर्षांनी सुटला तो सरळ मेयोत आला आणि १८७९ साली कुळांना उभं करून त्याने लँड लीग बांधली. खंड कमी करा, कुळाला हुसकू नका, कसणाऱ्याला जमीन द्या. आयर्लंडच्या स्वराज्याच्या मागणीत जीव आला तो या मागण्यांमुळे. तोवर होमरूल ही वकिलांची आणि बड्या घरच्या लोकांची गोड भाषणं होती. कुळाने ती ऐकली नव्हती, आणि ऐकून त्याचं पोटही भरणार नव्हतं.

लीगचा अध्यक्ष झाला चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल. गंमत बघा, हा स्वतः जमीनदार, धर्माने प्रॉटेस्टंट. पण माणूस पोलादी. विलायतेच्या पार्लमेंटात रात्र रात्र भाषणं करून सरकारचं काम अडवणारा. त्याने लोकांना सांगितलं, की हुसकलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला वाळीत टाका. १८८० साली मेयोतल्या कॅप्टन बॉयकॉट नावाच्या कारभाऱ्याची पाळी आली. पीक काढायला गडी मिळेना, दुकानदार माल देईना, घरात कामाला माणूस टिकेना. शेवटी उत्तरेकडून पन्नास मजूर आणले आणि त्यांच्या राखणीला हजाराच्या घरात शिपाई उभे केले! पिकाच्या किमतीपेक्षा बंदोबस्ताचा खर्च कितीतरी पट झाला. त्या कारभाऱ्याचं नाव साऱ्या जगाच्या तोंडी बसलं. आपण ‘बायकॉट’ म्हणतो तो हाच.

या बळावर पार्नेलने पक्ष उभा केला. १८८५ च्या निवडणुकीत त्याचे ८६ खासदार आले. त्यातले कैक फाटक्या खिशाचे होते. पार्लमेंटच्या सभासदांना तेव्हा पगार नसे, तो १९११ साली सुरू झाला. म्हणून लोकांच्या वर्गणीतून पक्ष त्यांना पोसत होता. प्रत्येकाकडून लेखी शपथ घेतली होती, की पक्ष ठरवील तिकडेच मत देईन, आणि बहुमताला वाटलं की शपथ मोडली, तर राजीनामा देईन. युनियनवाल्यांना ही शिस्त लगेच कळेल.

या ८६ जणांपुढे ग्लॅडस्टनसारखा मुरलेला मुत्सद्दी वाकला. १८८६ साली त्याने होमरूलचं बिल आणलं. ३४३ विरुद्ध ३१३ मतांनी पडलं, तेही त्याच्याच पक्षातले फुटले म्हणून. १८९३ साली दुसरं आणलं, ते खालच्या सभागृहात पास झालं आणि लॉर्डांच्या सभागृहाने ४१९ विरुद्ध ४१ मतांनी केरात टाकलं. मधल्या काळात पार्नेल एका काडीमोडाच्या खटल्यात सापडला, पक्ष दुभंगला आणि १८९१ साली तो मेलासुद्धा. त्या भानगडीत आम्ही शिरत नाही. एवढंच सांगतो, की बाईच्या नावावरून नऊ-दहा वर्षं पक्षाने आपसांत डोकी फोडली आणि कूळ बिचारं बघत राहिलं.

आपल्याकडच्या राजकारणाशीही या मंडळींचं नातं होतं. दादाभाई नौरोजींना आयर्लंडातल्या एखाद्या जागेवरून पार्लमेंटात पाठवावं, असं डेव्हिटने सुचवलं होतं. ते जमलं नाही. दादाभाई १८९२ साली लंडनमधून निवडून आले. आणि १८९४ च्या मद्रास काँग्रेसचा अध्यक्ष होता आल्फ्रेड वेब, याच आयरिश पक्षाचा खासदार, धंद्याने छापखानेवाला. गुलाम गुलामाला ओळखतो, त्याला दुभाषा लागत नाही.

१९०० साली तुकडे जुळले आणि जॉन रेडमंड पुढारी झाला. हा माणूस लबाड नव्हता, विकला गेलेला नव्हता. सज्जन होता, वक्ता होता, पार्लमेंटच्या रीतीभाती त्याला तोंडपाठ. पण तिथेच तर पाणी मुरत होतं! वर्षानुवर्षं लंडनच्या बाकांवर बसून या मंडळींना वाटायला लागलं, की स्वराज्य तिथेच शिजतं आणि तिथेच वाढलं जातं. १९०३ च्या जमीन कायद्याने कुळं जमिनीची मालक होऊ लागली, आणि खेड्यातली आग निवली. ते चांगलंच झालं. पण शहरातल्या माणसाचं काय?

डब्लिनची हालत ऐका. सुमारे २० हजार कुटुंबं एकेका खोलीत राहत होती. एकेका खोलीत! आम्ही चाळीत वाढलो, आम्हाला दहा बाय दहा म्हणजे काय ते माहीत आहे. या गरिबांना जिम लार्किनने युनियनमध्ये गोळा केलं. १९१३ च्या ऑगस्टमध्ये ट्राम कंपनीचा मालक विल्यम मार्टिन मर्फी याने फर्मान काढलं, की लार्किनची युनियन सोडा नाहीतर घरी बसा. त्याच्या मागून शेकडो मालक आले. सुमारे २० हजार कामगारांना टाळेबंदी झाली. ३१ ऑगस्टला पोलिसांनी भर रस्त्यात लाठ्या चालवल्या. पाठोपाठ चर्च स्ट्रीटवरची भाडोत्री घरं कोसळून सात माणसं गेली. इंग्लंडच्या कामगार संघटनांनी बोटी भरून अन्न पाठवलं. हो, इंग्लंडच्या कामगारांनी! आणि १९१४ च्या सुरुवातीला उपाशी पोटी माणसं एकेक करून कामावर परतली.

हा मर्फी कोण? एके काळचा होमरूल पक्षाचाच खासदार. आणि पक्ष या सहा महिन्यांत काय करत होता? पक्ष म्हणून कामगारांच्या बाजूने त्याने पाऊल उचललं नाही. होमरूलचं बिल ऐन रंगात आलं होतं. अशा वेळी घरातलं भांडण चव्हाट्यावर नको. हे वाक्य आम्ही आयुष्यात फार ऐकलं आहे. आधी मोठं काम होऊ द्या, मग तुमचं बघू. असं म्हणणाऱ्याच्या मोठ्या कामाला आपली पाठ लागते, आणि काम झाल्यावर पाठ तेवढी आपली राहते.

आता त्या बिलाकडे वळू. १९१० च्या निवडणुकांत विलायतेतले दोन मोठे पक्ष जवळजवळ बरोबरीत आले आणि सरकार टिकवणं रेडमंडच्या सत्तरएक मतांवर आलं. १९११ साली लॉर्डांचे पंख कापले गेले. आता ते बिल दोन वर्षं लांबवू शकत होते, मारू शकत नव्हते. एप्रिल १९१२ मध्ये तिसरं होमरूल बिल आलं. हिशेब साधा होता : १९१४ साली कायदा होणार.

पण आयर्लंडच्या उत्तरेला अल्स्टर आहे. तिथे प्रॉटेस्टंटांची मोठी वस्ती, बेलफास्टच्या गोद्या आणि तागाच्या नव्हे, लिननच्या गिरण्या. डब्लिनचं राज्य म्हणजे रोमच्या पोपचं राज्य, अशी भीती त्यांच्या मनात बसलेली आणि पुढाऱ्यांनी वाढवलेली. एडवर्ड कार्सन त्यांचा नेता. सप्टेंबर १९१२ मध्ये दोन लाखांवर पुरुषांनी होमरूल हाणून पाडण्याच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या, जवळजवळ तितक्याच बायकांनी आपल्या वेगळ्या पत्रकावर. १९१३ मध्ये फौज उभी राहिली. एप्रिल १९१४ मध्ये चोरून आणलेल्या हजारो बंदुका रातोरात लार्नच्या बंदरात उतरल्या आणि सरकारने बोट उचललं नाही. त्याआधी मार्चमध्ये कराघच्या छावणीतल्या कित्येक गोऱ्या अंमलदारांनी सांगून टाकलं होतं, की अल्स्टरवर चालून जाण्यापेक्षा नोकरी सोडू. बॅरिस्टर बंदुका आणतो आणि सरदार हुकूम मोडतो तेव्हा त्याला राजनिष्ठा म्हणतात. संपवाल्याने दगड उचलला की बंड!

मात्र एक गोष्ट आम्ही झाकून ठेवणार नाही. ती सह्या करणारी माणसं सगळी सरदार नव्हती. त्यांत गोदीतले फिटर होते, गिरणीतल्या बाया होत्या. त्यांची भीती खरी होती, कुणी भाड्याने आणलेली नव्हती. त्यांच्याशी बोलायला रेडमंडचा पक्ष कधी गेला? बेलफास्टमध्ये पक्षाचा माणूस होता जो डेव्हलिन, गरिबीतून वर आलेला, कामगारांविषयी कळकळ असणारा. पण त्याची संघटना कॅथलिकांचीच. तिच्यात प्रॉटेस्टंट मजुराला जागा नव्हती. आणि हे अशक्य होतं असं कुणी सांगू नये. १९०७ साली याच बेलफास्टच्या गोदीत लार्किनने दोन्ही धर्मांचे मजूर एका संपात उभे करून दाखवले होते. भाकरीच्या नावावर जमली ती माणसं स्वराज्याच्या नावावर का जमली नाहीत, याचा विचार लंडनच्या बाकावर कुणी केला नाही.

मग सुरू झाला सौदा. १९१४ च्या मार्चमध्ये सरकारने रेडमंडला म्हटलं, अल्स्टरचे जे जिल्हे मत देऊन मागतील त्यांना थोडे दिवस बाहेर राहू द्या. किती दिवस? तीन वर्षं. रेडमंड जड मनाने हो म्हणाला. मग तीनाची पाच झाली. मग पाचाची सहा झाली. बघता बघता दुप्पट! आणि सहाच का, तर तेवढ्या काळात दोन निवडणुका होणार, आणि विरोधी पक्ष आला तर तात्पुरतं ते कायमचं करायला मोकळा. कार्सनला हे बरोबर कळलं होतं, पण सहा वर्षांचीसुद्धा मुदत नको म्हणून त्याने ते झिडकारलं. रेडमंडने मात्र देऊन ठेवलं. एकदा ‘तात्पुरतं चालेल’ म्हणालात, की पुढचा वाद फक्त तारखेचा उरतो.

आम्हाला गिरणीवाल्यांना हा शब्द कुणी शिकवायला नको. माणूस बदली म्हणून लागतो. मुकादम म्हणतो, अरे थोडे दिवस, मग पर्मनंट करतो. तो रोज सकाळी गेटावर उभा राहतो, काम मिळालं तर मिळालं. त्याचं लग्न होतं, पोरं होतात, केस पिकतात, आणि मस्टरवर तो बदलीच असतो. कुणी त्याला कायमचा बदली म्हणून नेमलेलं नसतं. तसा कागदच नसतो. ‘थोडे दिवस’ एवढंच असतं.

जुलैमध्ये राजाच्या वाड्यावर बैठक झाली आणि फर्मानाघ नि टायरोन या दोन जिल्ह्यांवर अडली. दोन्हीकडे कॅथलिकांचं बहुमत होतं, तरी कार्सनला ते हवे होते. खुद्द अल्स्टरच्या ३३ जागांपैकी १७ जागा तेव्हा होमरूलवाल्यांकडे आणि १६ विरोधकांकडे होत्या. म्हणजे सगळं अल्स्टर विरोधात होतं ही गोष्टच खोटी! तेवढ्यात महायुद्ध पेटलं. १८ सप्टेंबर १९१४ रोजी होमरूलच्या कायद्यावर राजाची सही झाली, आणि त्याच दिवशी तो युद्ध संपेपर्यंत तहकूब करणारा दुसरा कायदाही झाला. अल्स्टरचं बघू पुढे. लोकांनी दिवाळी केली. दोनच दिवसांनी रेडमंडने वुडनब्रिज इथे स्वयंसेवकांना सांगितलं, की युद्ध जिथे असेल तिथे लढायला जा. त्याला वाटलं, आपण रक्त दिलं की इंग्रज शब्द पाळील. हजारो आयरिश पोरं फ्रान्समध्ये आणि गॅलिपोलीत मेली. १९१७ साली त्याचा सख्खा भाऊ विली मेला. रेडमंडने दुसऱ्यांचीच पोरं पाठवली असं त्याचा वैरीही म्हणणार नाही.

१९१६ च्या बंडानंतर इंग्रजांनी पंधरा जणांना आयर्लंडात गोळ्या घातल्या, आणि ऑगस्टमध्ये केसमेंटला लंडनमध्ये फाशी दिलं. कामगारांचा पुढारी जेम्स कॉनोली जखमी होता, उभा राहू शकत नव्हता. त्याला खुर्चीत बसवून मारलं. लोकांचं मन त्या खुर्चीपाशी फिरलं. सरकार घाबरलं आणि लॉइड जॉर्जला तडजोडीला पाठवलं. हा गृहस्थ काय करतो? रेडमंडला सांगतो, सहा जिल्हे वगळू, पण तात्पुरते. आणि कार्सनला पत्र लिहून देतो, की अल्स्टरची इच्छा असो नसो, त्याला उरलेल्या आयर्लंडात घातलं जाणार नाही. एकच माल, दोन गिऱ्हाइकं, दोन पावत्या!

२३ जून १९१६ ला बेलफास्टमध्ये डेव्हलिनने त्या सहा जिल्ह्यांतल्या होमरूलवाल्यांची परिषद भरवली. म्हणजे ज्यांना रेघेपलीकडे टाकायचं त्यांच्याकडूनच होकार घ्यायचा होता. टायरोन, फर्मानाघ आणि डेरीच्या प्रतिनिधींचा कल विरुद्ध होता. पण ‘तात्पुरतं’ या शब्दावर विसंबून ठराव ४७५ विरुद्ध २६५ मतांनी पास झाला. महिन्याभरात सरकारमधल्याच एका लॉर्डाने उघड सांगून टाकलं, की हे कायमचं आहे. रेडमंडने अंग काढून घेतलं, बोलणी मोडली. हाती काय राहिलं? होमरूल नाही, आणि फाळणीला दिलेला होकार मात्र सगळ्या जगाने वाचलेला.

रेडमंड मार्च १९१८ मध्ये गेला. डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत आयर्लंडचे मतदार सुमारे ७ लाखांवरून १९ लाखांवर गेले होते. मजुराला, पोराला, तीस वर्षांवरच्या बायांना पहिल्यांदा मत मिळालं होतं. सिन फेनचे ७३ निवडून आले. रेडमंडच्या पक्षाला आयर्लंडात मिळाल्या सहा जागा. पार्नेलचा तो पक्ष! मजूर पक्षाने त्या वेळी उमेदवार उभे केले नाहीत, राष्ट्राच्या प्रश्नापुढे आपला प्रश्न मागे घेतला. आमच्या मते ती चूक होती. डब्लिनच्या एका खोलीतल्या माणसाचं तोंड दुसऱ्यांदा बंद झालं, या वेळी त्याच्याच माणसांकडून.

जुलै १९२० मध्ये बेलफास्टच्या गोद्यांमधून हजारो कॅथलिक कामगारांना मारून हाकललं. त्यांच्याबरोबर त्यांची बाजू घेणारे प्रॉटेस्टंट युनियनवालेही हाकलले गेले. १९०७ साली ज्या शहरात एकी झाली होती तिथेच हे झालं. आणि कायद्याची रेघ अजून ओढायची होती! ती त्याच वर्षी डिसेंबरच्या कायद्याने ओढली आणि मे १९२१ मध्ये अमलात आली. अल्स्टरच्या नऊ जिल्ह्यांपैकी सहा पलीकडे, त्यांत टायरोन नि फर्मानाघ.

उरलेल्या आयर्लंडने डिसेंबर १९२१ मध्ये तह केला तेव्हा त्यात एक कलम होतं, की सरहद्द ठरवायला कमिशन नेमू, लोकांच्या इच्छेप्रमाणे रेघ हलवू. पुन्हा आशा. कमिशन बसलं, गावोगाव फिरलं, शेतकऱ्यांच्या नि दुकानदारांच्या साक्षी घेतल्या. नोव्हेंबर १९२५ मध्ये त्याची शिफारस एका वर्तमानपत्रात फुटली : रेघ थोडीशीच हलणार, आणि तीही दोन्ही बाजूंनी. डब्लिनमध्ये ओरड झाली. ३ डिसेंबर १९२५ ला तिन्ही सरकारांनी सही केली, की रेघ आहे तिथेच राहू द्या. टायरोनच्या नि फर्मानाघच्या ज्या माणसांनी आपण कुठे राहू इच्छितो ते कमिशनपुढे उभं राहून सांगितलं होतं, त्यांच्या साक्षींचा अहवाल कुलपात गेला. तो छापून बाहेर आला १९६९ साली.